धाव, कुणी आणि नट

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणातला माल याच वाटेने देशावर येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे लोक सांगतात. पण ही वाट गाडीची नव्हे. माल यायचा तो बैलांच्या पाठीवरून. चाकाला सह्याद्री उतरायला पुष्कळ काळ लागला. बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तो १८३० साली. पुढे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. धावली. आज मंचर, नारायणगाव, ओतूर इथली भाजी रातोरात मोटारीने मुंबईला पोचते.

चाक बदलले, रस्ता बदलला. एक प्रश्न मात्र तसाच राहिला. चाक जागेवर राहावे म्हणून ते किती घट्ट आवळायचे?

आपल्या बैलगाडीचे चाक आठवा. मधे तुंबा, त्यात आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर लोखंडाची धाव. ही धाव लोहार घेरापेक्षा किंचित लहान करायचा. मग शेणीच्या जाळात ती लाल होईतो तापवायची, सांडशीने धरून चाकावर बसवायची आणि लगेच वर पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सारे चाक एकजीव होई. चाक साडेचार फूट उंच असेल, तर त्याचा घेर चौदा फुटांहून थोडा जास्त. पाचशे अंशांनी तापवल्यावर एवढी धाव सुमारे एक इंचाने वाढते. लोहाराचा सगळा खेळ त्या एका इंचाच्या आतला. धाव सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर निसटायची. फार लहान केली तर आरे वाकवायची, चाकच मोडायची. जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्के, असे तो लोहार कधीच म्हणाला नसता.

कण्याच्या टोकाला मात्र आवळणे नव्हतेच. तिथे एक लोखंडी खीळ असे, तिला आपण कुणी म्हणतो. चाक तिच्या आत मोकळे फिरे.

मोटारीत उलटे झाले. तिथे चाक हबला दाबून धरावे लागते आणि ते काम नट करतात. नट-बोल्टाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. पूर्वी ज्याच्या त्याच्या कारखान्यात आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सर्वांसाठी एकच माप सुचवले. आज मंचरला घेतलेला नट नाशिकच्या गाडीला बसतो, तो अशा ठरावीक मापांमुळे.

आता नट घट्ट कसा राहतो ते बघा. नट आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो मागे येऊ पाहतो, त्याच ओढीने चाक हबला चिकटून राहते. स्प्रिंग हद्दीबाहेर ओढली तर पुन्हा आखडत नाही. बोल्टाचेही तसेच. तो कायमचा लांबतो, आटे जातात, एखादे वेळी तुटतोही. शिवाय एका बाजूला जास्त ताण पडला तर ब्रेकची तबकडी वाकडी होऊ शकते आणि ब्रेक दाबताना गाडी थरथरते.

लहान मोटारीच्या नटाला साधारण शंभर न्यूटन-मीटर जोर लागतो. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगावे, इतका. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायर बसवताना हवेवरची गन बेताने थांबवली नाही, तर जोर तिप्पटही होतो. गाडीतला पाना असतो जेमतेम तीस सेंटिमीटरचा. असा नट त्या पान्याने उलगडायला शंभर किलोचा भार हवा. आता माळशेज घाटात, पावसात, रात्री पंक्चर झाले असे समजा. स्टेपनी आहे, जॅक आहे, घरची माणसे गाडीत आहेत. पण नट हलत नाही! काहीजण पान्यावर उभे राहतात. पाना सटकतो आणि पाय मोडतो.

म्हणून टायर बसवून झाला की दोन शब्द सांगा. नट आधी हाताने बसवा. मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने गोल जाऊ नका. शेवटचा जोर मापाच्या पान्याने द्या. ठरवलेला जोर झाला की तो 'टक्' असा आवाज करतो. आवाज झाला की थांबा. आट्यांना तेल लावू नका, कारण तेलाने घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर गार चाकाचे नट त्याच पान्याने पुन्हा तपासा. सैल नटही तितकाच घातक, हे विसरू नका.

शिक्षक बंधु-भगिनींनो, हा धडा वर्गातही शिकवता येईल. शाळेचे दार बिजागरीजवळ ढकलायला लावा, मग कडेला. पाना लांब झाला की जोर का वाढतो, ते पोरांना पुस्तकाशिवाय कळेल. आणि गावात एखादा म्हातारा लोहार असेल तर त्याला शाळेत बोलवा. धाव केवढी लहान करायची, हे तो कसे ठरवी, ते विचारा. धाव चढवणारे हात आता थोडेच उरलेत. ते माप कागदावर उतरवून ठेवायला हवे, आणि ते काम तुमच्या शाळेतली मुले करू शकतील.