कारखान्याची वही आणि खाडीचे पाणी

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्यावा आणि कुंडलिका नदीवर बोट ठेवून पश्चिमेकडे सरकत जावे. वाटेत रोहे आणि धाटावची औद्योगिक वसाहत लागते. शेवटी रेवदंड्याला, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, नदी समुद्राला मिळते. सावित्रीवर असेच बोट ठेवले तर महाडची वसाहत लागते आणि पुढे बाणकोटची खाडी येते. पाताळगंगेच्या काठी रसायनी आहे, कासाडीच्या काठी तळोजे. या जिल्ह्यातले बहुतेक कारखाने समुद्रकाठी नाहीत, पण त्यांचे पाणी खाडीत येते.

हा साधा भूगोल कायद्याला उमजायला बराच वेळ लागला. ६ जानेवारी १९८९ रोजी केंद्र सरकारने मुरुड-जंजिरा परिसरासाठी एक अधिसूचना काढली. रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत, भरतीरेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात आणि राजपुरी खाडीच्या काठांवर, पर्यटनाशी संबंधित सोडून इतर उद्योगांना मनाई झाली. फेब्रुवारी १९९१ मध्ये साऱ्या देशाच्या किनाऱ्यासाठी नियमन आले. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण गंमत पाहा, मनाईचा पट्टा जिथे सुरू होतो त्या रेवदंड्यालाच कुंडलिका येऊन मिळते. नकाशावर ओढलेली रेघ पाण्याला अडवत नाही.

दुसरा उपाय होता कारखान्याच्या गटाराच्या तोंडाशी पाणी तपासण्याचा. यात महाराष्ट्र पुढे होता. राज्याने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. मंडळाकडून संमतीपत्र घ्यायचे, सांडपाणी ठरलेल्या मर्यादेत आणून सोडायचे, अशी ही पद्धत. मर्यादा दिली जाते ती एका लिटरमागे किती मिलिग्रॅम अशी. मोठ्या कारखान्याला प्रक्रिया केंद्र परवडते. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याकडे तेवढी जागा नसते, पैसा नसतो, रसायनशास्त्र जाणणारा माणूसही नसतो. म्हणून १९९१ पासून अशा छोट्यांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना केंद्र सरकारने मदत देऊ केली आणि पुढे रायगडच्या वसाहतींतही ती उभी राहिली. आता प्रत्येकाचे गटार सामाईक नळाला लागले. कोणी काय सोडले हे त्यानंतर सांगणे आणखी कठीण झाले.

नेमका अडतो कुठे हा छोटा कारखाना? एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेडमध्ये लोखंडी वस्तूंना क्रोमचा मुलामा देतात. मुलाम्याच्या कुंडात लिटरमागे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आहे. वस्तू बाहेर काढताना तिच्या अंगाला थोडे द्रावण चिकटून येते. तासाभरात ते सारे मिळून एक लिटर होते असे धरू. ते धुऊन काढायला मालकाने एक कुंड ठेवले आहे आणि त्यात नळ चालू आहे. धुण्याच्या कुंडातले द्रावण मूळच्या हजाराव्या हिश्शाइतके फिके राहावे असे वाटत असेल, तर तासाला सुमारे १००० लिटर पाणी लागेल. एवढ्या पाण्यात त्या एका लिटरमधले १३० ग्रॅम क्रोमियम पसरले, म्हणजे लिटरमागे १३० मिलिग्रॅम झाले. नदीनाल्यात सोडताना घातक, म्हणजे षट्संयुजी, क्रोमियमची मर्यादा आहे ०.१ मिलिग्रॅम. तेराशे पटींचा फरक!

तो भरून काढायला एक लबाड वाट आहे: आणखी पाणी ओतायचे. मिलिग्रॅमचा आकडा उतरतो, क्रोमियम मात्र तेवढेच खाडीत जाते. खाडीतली कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यांना लिटरमागच्या आकड्याशी देणेघेणे नसते. जिताड्यासारखा मासा तर अंडी घालायला खाऱ्या पाण्यात उतरतो आणि त्याची पिल्ले खाडीतून वर चढतात.

दुसरी वाट शिक्षकांच्या ओळखीची आहे. गाळणकागदावरचा साका आपण एकदाच भरपूर पाण्याने धूत नाही, थोड्या थोड्या पाण्याने अनेकदा धुतो. तेच इथे करायचे. एका कुंडाऐवजी दोन ठेवायची. वस्तू पहिल्यातून दुसऱ्यात जाते, ताजे पाणी उलट दुसऱ्यात पडून पहिल्याकडे येते. तेवढ्याच स्वच्छतेसाठी आता हजाराचे वर्गमूळ, म्हणजे तासाला सुमारे ३२ लिटर पाणी पुरते. तीन कुंडे केली तर घनमूळ, म्हणजे जेमतेम १० लिटर. हे समीकरण मुलांकडून मांडून घ्यावे, बारावीला सहज जमते. अर्थात यानेही क्रोमियम कमी होत नाही, पाणी कमी होते. पण दहा लिटर दाट पाणी गरम कुंडातल्या बाष्पीभवनाची तूट भरून काढायला बरेचसे परत घालता येते, हजार लिटर घालता येत नाही. शिवाय वस्तू कुंडावर काही सेकंद अधिक निथळू दिली तर चिकटून येणारे द्रावणच घटते. त्याला खर्च शून्य. उरले त्यावर प्रक्रिया करायची आणि तिचा गाळ घातक कचऱ्याच्या भरावभूमीकडे पाठवायचा. तशी एक मोठी भरावभूमी तळोज्यातच आहे.

हे सुचायला फार विद्वत्ता लागत नाही, मोजमाप लागते. तासाला किती पाणी येते, किती आम्ल विकत घेतले, त्यातले वस्तूवर किती बसले, याची वही लागते. पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली म्हणून जे काही सांगितले जाते त्याचा गाभा ही वही आहे, असे आम्हाला वाटते.

या प्रणालीचा औपचारिक इतिहास ब्रिटनपासून सांगतात. तिथे १९९२ मध्ये बीएस ७७५० हे मानक आले. त्याच वर्षी रिओची परिषद झाली आणि सप्टेंबर १९९६ मध्ये आयएसओ १४००१ प्रसिद्ध झाले. आपल्या कामाने पर्यावरणावर काय परिणाम होतो याची यादी करा, लागू कायदे लिहून काढा, उद्दिष्टे ठरवा, माणसे शिकवा, नोंदी ठेवा, स्वतःच तपासा, पुन्हा सुधारा, असे हे चक्र. २००४ आणि २०१५ मध्ये त्यात फेरफार झाले. लघुउद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चाचा ७५ टक्के भाग, ७५,००० रुपयांपर्यंत, परत देण्याची केंद्राची योजनाही २००२ पासून या मानकाला लागू झाली.

आमच्या मते मात्र भारतातल्या छोट्या कारखान्यापुरते पाहिले तर १९९६ पेक्षा आधीची दोन-तीन वर्षे महत्त्वाची आहेत. १९९२-९३ मध्ये नियम झाला की संमतीपत्र लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने वर्षाला पर्यावरण विवरणपत्र भरावे. त्यात उत्पादनाच्या दर एककामागे पाणी किती लागले, कच्चा माल किती लागला, घातक कचरा किती निघाला, आणि मागल्या वर्षीपेक्षा त्यात काय फरक पडला हे विचारले होते. सरकारने प्रथमच गटाराचे तोंड सोडून कारखान्याच्या आत पाहिले. १९९३ च्याच सुमारास राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसह कागद, कापडरंगाई आणि कीटकनाशक-मिश्रणे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत कचरा मुळाशीच घटवण्याचे प्रयोग केले. पुढे एकाच प्रकारच्या काही कारखान्यांनी मिळून एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन पाहायचे, अशी मंडळेही सुरू झाली. शेजारच्या मालकाला आपले गळके नळ दाखवणे सोपे नसते, तरी आम्हाला ही कल्पना फार आवडते.

विवरणपत्राचे पुढे काय होते हे कोणत्याही वसाहतीत विचारावे. मालकच व्यवस्थापक, तोच कारकून. मग सल्लागार गाठायचा, त्याने मागल्या वर्षीचे आकडे थोडे हलवून द्यायचे. आयएसओच्या जाड फाइलीचीही तीच गत होऊ शकते. त्या मानकात लिटरमागच्या मिलिग्रॅमची एकही मर्यादा नाही; कायदा पाळण्याची बांधिलकी आणि सतत सुधारणेचे वचन एवढेच ते मागते. म्हणून चौकटीतल्या प्रमाणपत्रावरून बाहेरच्या नाल्याबद्दल काही कळत नाही. २०१० मध्ये आयएसओ १४००५ हे टप्प्याटप्प्याने जाण्याचे मार्गदर्शन आले, ते याच अडचणीसाठी. लहान उद्योगाने सगळे एकदम न उचलता एखाद्या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे त्यात म्हटले आहे. मुलामेवाल्याच्या बाबतीत तो प्रश्न म्हणजे धुण्याच्या कुंडावरचा नळ.

तळोज्याच्या कासाडी नदीचे प्रकरण २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. तोवर जलप्रदूषणाचा कायदा, विवरणपत्रे, सामाईक केंद्र आणि आयएसओची मानके हे सारे अस्तित्वात होते. लवादासमोर वाद चालतो तो पुन्हा नाल्यातल्या पाण्याच्या नमुन्यांवर. ते पाणी कोणत्या शेडमधून, कोणत्या कुंडातून, किती आले हे शोधायला गेलो तर त्या त्या कारखान्याची वही उघडावी लागते, आणि ती खरी लिहिलेली असावी लागते.