करसवलत, परवडणारी घरे आणि हिंगोली शहर (1999 नंतरचा कालखंड)

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. निजाम राजवटीत लष्करी छावणी म्हणून ज्ञात असलेले हिंगोली हे जिल्ह्याचे मुख्यालय झाले. शासकीय कार्यालयांबरोबर नियमित वेतन घेणारा वर्ग शहरात वाढला. याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने गृहकर्जाच्या व्याजावरील आयकर वजावटीची मर्यादा 30,000 रुपयांवरून 75,000 रुपये केली. 2001 मध्ये ती दीड लाख व 2014 मध्ये दोन लाख रुपये झाली. या दोन निर्णयांमागे समान हेतू नव्हता, परंतु त्यांचा लाभार्थी एकच होता.

वजावट मिळण्यासाठी मुळात करपात्र उत्पन्न असावे लागते. शिक्षक, लिपिक, अधिकारी यांना ते होते. हमाल, गवंडी, शेतमजूर यांना नव्हते. करसवलत अनुदानाच्या यादीत दिसत नाही, तिचा भार मात्र शासकीय तिजोरीवरच पडतो. या दृष्टीने पाहता, शहरी गृहनिर्माणाला मिळालेले पहिले मोठे साहाय्य तुलनेने सुस्थितीतील वर्गाकडे गेले, असे म्हणावे लागते.

2016 मध्ये आयकर कायद्यात कलम 80-आयबीए समाविष्ट झाले. परवडणारी घरे बांधणाऱ्या विकासकाच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट देण्यात आली. चार महानगरांबाहेर किमान 2,000 चौरस मीटरचा भूखंड व कमाल 60 चौरस मीटरचे घर अशा अटी होत्या. अमेरिकेत 1986 पासून करसवलतीच्या आधारे अल्प उत्पन्न गटासाठी मर्यादित भाड्याची घरे बांधली जातात. भारतीय तरतुदीत भाड्याचे बंधन नव्हते. शिवाय तिला संघटित बांधकाम व्यावसायिक अभिप्रेत होता. लहान शहरात मालक स्वतःच्या प्लॉटवर मिस्त्रीकडून घर बांधून घेतो. तेथे विकासकाचा नफाच नसतो, मग वजावट कशाची?

करपात्र उत्पन्न नसलेल्यांसाठी थेट अनुदानाचा मार्ग उरला. 25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) स्वतः घर बांधण्याच्या घटकात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये बांधकामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने मिळत. येथे अट उत्पन्नाबरोबरच जागेच्या मालकीची होती. 2018 मध्ये राज्य शासनाने शहरी भागातील शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण आणले. त्यालाही 1 जानेवारी 2011 पूर्वीच्या वास्तव्याची मर्यादा होती. म्हणजे जुना रहिवासी योजनेत बसू शकला. खेड्यातून नंतर आलेले भाडेकरू कुटुंब दोन्हीकडून वगळले गेले.

हा मुद्दा लोकसंख्येच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. हिंगोली शहराची लोकसंख्या 2001 मध्ये 69,552 होती, 2011 मध्ये ती 85,103 झाली. ही वाढ सुमारे 22 टक्के. याच दशकात जिल्ह्याची वाढ सुमारे 19 टक्के होती. तरीही 2011 मध्ये जिल्ह्याची नागरी लोकसंख्या केवळ 15 टक्क्यांच्या आसपास होती. 2021 ची जनगणना नियोजित वेळी न झाल्याने पुढील बदल लाभार्थी याद्यांवरून अनुमानण्याचा मोह होतो. मात्र या याद्यांत प्रामुख्याने जागामालक दिसतात, स्थलांतरित भाडेकरू नाहीत. 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला आहे.