मारुतीच्या छातीपर्यंत म्हणजे नेमके किती पाणी? गोदेच्या पुराचे मोजमाप

१/ गोदावरीला पूर आला की नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?" गुडघा, कंबर, छाती ही पिढ्यान्‌पिढ्यांची मापे. बातमीत मात्र गंगापूर धरणाचा विसर्ग येतो तो क्युसेकमध्ये. ही दोन मापे एक नव्हेत. हा धागा त्या फरकाविषयी.

२/ मारुती सांगतो ती उंची. क्युसेक सांगतो तो प्रवाह, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी पुढे गेले. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.

३/ हा भेद जगालाही उशिराच उमगला. रोमचा जलाधिकारी फ्रॉन्टिनस पाण्याचा हिशेब नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळावरून मांडी; वेग त्यात धरलेला नसे. १६२८ मध्ये गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याने स्पष्ट मांडले: प्रवाह = छेदाचे क्षेत्रफळ × वेग.

४/ पण नदीचा वेग सर्वत्र सारखा कुठे असतो? काठाशी व तळाशी पाणी मंद, मध्यभागी वेगवान. म्हणून नदीत आडवा पडदा कल्पावयाचा, त्याच्या उभ्या पट्ट्या पाडावयाच्या, प्रत्येकीचे क्षेत्रफळ व वेग यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावयाची. १७९० मध्ये राइनहार्ड वोल्टमनने वर्णिलेल्या फिरत्या पात्याच्या वेगमापकाने हे काम सुकर केले.

५/ संगणकातील नदीतही हीच रीत. पाण्याचे हजारो लहान कप्पे पाडतात आणि हवा तेथे काल्पनिक पडदा उभारतात. पडद्याला लंब असलेला वेगच धरतात. भोवऱ्यात उलट फिरणारे पाणी वजा होते. पडदा तिरपा असला तरी उत्तर बदलत नाही. पूर स्थिर असेल आणि मध्ये ओढा मिळत नसेल, तर वरच्या व खालच्या पडद्यावरील आकडे जुळलेच पाहिजेत. न जुळल्यास गणितात चूक आहे.

६/ नाशिकला हा विषय परका नाही. १९११ पर्यंत नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि १९१६ मध्ये दारणा धरण झाले. कालव्याचे पाणी मोजून देणे आले. १९५९ मध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली 'मेरी', येथेच स्थापन झाली.

७/ आता खरा प्रश्न. पात्र ६० मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल, वेग सेकंदाला २ मीटर: प्रवाह ३६० घनमीटर, म्हणजे सुमारे १२,७०० क्युसेक. भराव घालून पात्र ४० मीटर केले आणि वेग तोच राहिला, तर तेवढ्याच पाण्याला ४.५ मीटर खोली लागेल. पाऊस तेवढाच, पाणी मात्र दीड मीटर वर!

८/ २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये निळ्या-लाल पूररेषा आखल्या गेल्या, त्या याच गणितावर. म्हणून १९६९, २००८ आणि २०१६ च्या पुरांची तुलना केवळ मारुतीवरून करू नये. मूर्ती जागची हलली नाही. काठ मात्र पुढे सरकले. उंची साक्ष देते, प्रवाह कारण सांगतो. इतिहासाला दोन्ही हवेत.