माग, गणित आणि बुद्धिमान यंत्र

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. मोबाइलवर प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळवावे, एवढाच बहुतेकांचा तिच्याशी संबंध येतो. परंतु अशी साधने घडविण्याची विद्या आली कोठून, आणि ती शिकली कशी जाते, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

या विद्येचा एक धागा नवव्या शतकातील बगदादला पोहोचतो. खलिफा अल्-मामून यांच्या काळात 'बैतुल हिकमत' येथे मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकपद्धतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. तो लॅटिनमध्ये गेला आणि त्यांच्याच नावावरून 'अल्गोरिदम', म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी प्रश्न सोडविण्याची रीत, हा शब्द रूढ झाला. त्यांच्या 'अल्-जब्र' या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांना दिलेला आहे. लोकांची अडलेली कामे सोडविण्यासाठी ही विद्या राबली, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा धागा आपल्या परिचयाचा आहे. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीत शिरले की मागांचा खडखडाट कानी पडतो. नक्षीच्या कापडासाठी मागाला जकार्ड जोडतात. ही युक्ती फ्रान्समधील जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. पुठ्ठ्यावरील भोके पाहून कोणते धागे उचलावयाचे हे माग ठरवी. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी अशीच भोकांची पत्रे आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. यंत्राला लेखी हुकूम देण्याची कल्पना अशी मागावरून संगणकाकडे आली.

आपल्या मुंबईचा इतिहासही बोधप्रद आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहान गटाने १९५४ नंतर संगणक बांधावयास घेतला. प्रथम लहान नमुना यंत्र केले, त्यावर हात बसविला आणि १९६० साली सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचा पूर्ण संगणक चालू केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पुढे नरसिंहन यांनी यंत्राला चित्रांतील आकार ओळखावयास शिकविण्याच्या संशोधनात जागतिक कीर्ती मिळविली. म्हणजे करता करताच ही मंडळी शिकली.

आजची रीतही निराळी नाही. समजा, ताग्यातील तुटलेला धागा ओळखणारे साधन करावयाचे आहे. चांगल्या व सदोष कापडाची शेकडो छायाचित्रे जमवावी, प्रत्येकावर अचूक खूण करावी, त्यांवरून संगणकास शिकवावे आणि त्याने न पाहिलेल्या कापडावर त्याची परीक्षा घ्यावी. यासाठी शालेय गणित पक्के हवे, पायथॉनसारखी संगणकभाषा हवी आणि चिकाटी हवी. सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर असे पाठ घरबसल्या शिकता येतात.

पालकांनी मुलामुलींना गणितापासून दूर ठेवू नये. हुशार मुलीचे शिक्षण मध्येच थांबवू नये. दुसऱ्याने रचलेला माग चालविणारे आपल्यात पुष्कळ झाले. आता माग रचणारे निपजले पाहिजेत.