गावठाण सर्वेक्षण, ड्रोनद्वारा
मानवरहित लहान विमानाने (ड्रोनने) पूर्वनियोजित मार्गावरून घेतलेली छायाचित्रे सांधून गावाच्या वस्तीचा नकाशा तयार करण्याची पद्धती.

एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या जमीन मोजणीचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. घरांच्या जागेवर शेतसारा नसल्याने गावठाणातील घरे स्वतंत्रपणे मोजली गेली नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारखी मराठवाड्यातील गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. तेथेही मोजणीचा भर शेतजमिनीवरच राहिला. परिणामी शेताला सातबारा मिळाला. घरास मात्र बहुधा ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीतील (नमुना ८) नोंद एवढाच आधार उरला. ही नोंद कराची असल्याने तिने मालकी सिद्ध होत नाही.

पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे महाराष्ट्रात ड्रोनद्वारा गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) छायाचित्रण करतो, तर राज्याचा भूमि अभिलेख विभाग मालकीची चौकशी करून मिळकत पत्रिका तयार करतो.

उड्डाणापूर्वी मार्गाच्या समांतर पट्ट्या, उंची व छायाचित्रांतील अंतर ठरवितात. लगतच्या छायाचित्रांत समान भाग नसेल, तर ती सांधता येत नाहीत. समजा, १२० मी. उंचीवरून एका छायाचित्रात उड्डाणाच्या दिशेने १२० मी. व आडवा १८० मी. प्रदेश येतो. पुढील छायाचित्राशी ८० टक्के व शेजारच्या पट्टीशी ७० टक्के भाग समान हवा असल्यास दर २४ मी. वर छायाचित्र घ्यावे लागते आणि पट्ट्यांत ५४ मी. अंतर ठेवावे लागते. एकच बिंदू अनेक कोनांतून दिसत असल्याने संगणकास त्याची उंची काढता येते, तसेच छायाचित्रातील तिरपेपणा दूर करता येतो. जमिनीवरील ज्ञात बिंदूंशी मेळ घालून नकाशास प्रमाण देतात.

तथापि आकाशातून छप्पर दिसते, मालकी दिसत नाही. झाडाखालील किंवा वळचणीखालील हद्दही झाकली जाते. म्हणून उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याच्या फक्कीने आखतात व नंतर चौकशीत हरकती ऐकतात. शेजाऱ्यांच्या समक्ष आखलेली ही रेघ चुकली, तर अचूक छायाचित्र ती चूकच अचूकपणे नोंदविते.