पोरांच्या अभ्यासाला 'एआय': उत्तर मागायचं की समजून घ्यायचं?

व्हॉट्सअॅपमध्ये दिसणारा निळसर गोल म्हणजे 'मेटा एआय'. भारतात तो जून २०२४ मध्ये आला. 'चॅटजीपीटी' त्याआधीच, ३० नोव्हेंबर २०२२ ला सुरू झालं. गुगलचं 'जेमिनी' वेगळं. चॅटजीपीटी आणि जेमिनी मराठीत विचारलं की मराठीत उत्तर देतात, साध्या वापराला पैसे नाहीत. मग काय, वहीत अक्षर पोराचं आणि उत्तर मोबाईलचं!

ही यंत्रं उत्तर पुस्तकात शोधून देतातच असं नाही. इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर वापरून त्यांना तयार केलेलं असतं, त्यावरून पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत ती लिहितात. म्हणून चुकीचं उत्तरही एकदम ठाम येतं. कवितेचं नुसतं नाव देऊन रसग्रहण मागितलं, तर कवितेत नसलेल्या ओळीसुद्धा येऊ शकतात. पाठ्यपुस्तकातली कविता आधी त्यात टाकावी, मग विचारावं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात.

खरा फरक विचारण्यात आहे. "गणित सोडवून दे" म्हटलं की ते सोडवून देतं, पोरगं मात्र तिथंच राहतं. त्याऐवजी असं लिहावं: "मी सातवीत आहे. सरळव्याजाचं हे गणित जमत नाही. उत्तर सांगू नको, फक्त पहिली पायरी सांग." जमलं की तसलीच पाच गणितं मागायची. चॅटजीपीटीत जुलै २०२५ पासून 'स्टडी मोड' आहे, तो थेट उत्तर न देता प्रश्न विचारत पुढं नेतो.

आईबाप कमी शिकलेले असले तरी तपासू शकतात. मोबाईल पालथा ठेवायचा आणि पोराला म्हणायचं, आता तू सांग. अडखळलं तर समजलेलं नाही. यंत्राचीही परीक्षा घ्यावी: एका एकरात गुंठे किती? ४०. एक गुंठा १,०८९ चौरस फूट. हिशेब शेतकऱ्याला पाठ असतो, चूक लगेच पकडता येते.

एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतात तिथं सरावाचे प्रश्न काढायला याचा उपयोग आहे, पण वाचून तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत.

चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी लागते. आधार, दाखला, पोरांचे फोटो यात टाकू नयेत. गणिताचा फोटो काढताना तेवढंच पान येऊ द्यावं.