मानमोडीची साथ आणि शरीराची आठवण

मंडळी, मानमोडी हा शब्द आज भिवंडीत किती जणांना ठाऊक असेल? आपल्या पणजोबांच्या पिढीला तो ऐकूनच कापरं भरायचं. 1918 च्या इन्फ्लुएंझाला मराठी माणसाने दिलेलं हे नाव.

त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले. हिवताप नव्हता. मग गोदी, टपाल, टांकसाळ, कापडगिरण्या अशी साथ पसरली आणि जुलैनंतर ओसरली. लोकांना वाटलं, सुटलो. सप्टेंबरात ती परत आली, आणि 6 ऑक्टोबरला एका दिवसात एकट्या मुंबईत 768 माणसं गेली. आपल्या शेजारच्या कल्याणहून रेल्वेचा एक फाटा नाशिकला, दुसरा पुण्याला जातो. रेल्वेबरोबर ताप गावोगाव पोचला. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्यातही विशी ते चाळिशीतली, म्हणजे कमावती माणसं जास्त.

आता इथे जरा थांबू. दोन लाटा आल्या, तर पहिल्या लाटेत पडलेल्यांचं दुसरीत काय झालं? अमेरिकी लष्करी छावण्यांच्या आणि ब्रिटनमधल्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की उन्हाळ्यात ताप भोगलेले बरेच जण नंतरच्या लाटेतून वाचले. त्यांच्या रक्तात काहीतरी उरलं होतं. ते काय, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं, कारण दोष एका जिवाणूवर ठेवला जात होता. माणसातला खरा विषाणू लंडनमध्ये सापडला 1933 साली.

उरलं होतं ते प्रतिपिंड, रोजच्या बोलण्यातली अँटीबॉडी. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचे खुंट असतात. त्यांनी तो नाक-घशातल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. प्रतिपिंड त्या खुंटाच्या टोकावरच जाऊन बसतं, मग विषाणूला पकड मिळत नाही. 1941 मध्ये हर्स्ट यांना दिसलं की हा विषाणू कोंबडीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो, आणि प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव घातला की गुठळ्या होत नाहीत. किती पातळ केलेल्या रक्तद्रवाने गुठळी थांबते, यावरून संरक्षण मोजता येऊ लागलं. आजही ही चाचणी वापरतात.

आम्हाला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती 2008 ची. 1918 मधून वाचलेल्या 32 वृद्धांचं रक्त तपासलं. सगळे नव्वदी ओलांडलेले. त्या सगळ्यांच्या रक्तात 1918 च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं निघाली! नव्वद वर्षांनी, बरं का.

मग दरवर्षी फ्लू का होतो? कारण विषाणू खुंटाचं टोक थोडं थोडं बदलत राहतो, आणि जुनं प्रतिपिंड नव्या टोकावर नीट बसत नाही. कधी मोठाच बदल होतो. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार माजवला, तेव्हाही ज्येष्ठांना लागण तुलनेने कमी झाली. 1957 पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या शरीराला तशाच जुन्या विषाणूची ओळख होती.

आपल्या गावात याचा अर्थ काय? पत्र्याच्या शेडमध्ये, बारा-बारा तासांच्या पाळीत, यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. शिंक दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि तापाने घरी बसलं की मजुरी बुडते. म्हणून लसीची वेळ महत्त्वाची. लशीनंतर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि काही महिन्यांत ती ओसरू लागतात. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो, म्हणून तिकडे लस पानगळीत. आपल्याकडे तो मुख्यतः पावसाळ्यात येतो. तिकडचं वेळापत्रक बघून ऑक्टोबरात लस घेतली, तर पावसाळ्यातली साथ तोवर येऊन गेलेली असते. आपल्याला ती हवी एप्रिल-मेमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी.